भिंतीतला टाक

मजुराची पहार मातीच्या भिंतीत शिरली आणि ढेकळाबरोबर चांदीचा एक टाक बबनच्या पायाशी पडला. बोटभर पत्रा. त्यावर ठोकून काढलेला, पुसट झालेला चेहरा.

"काका, तुमच्याकडे देव निघाला की!" मजूर हसला.

बबनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुळगावातलं हे पाडायला काढलेलं घर त्याच्या वडिलांचं, आबांचं. धम्म स्वीकारला त्या वर्षी आळीतल्या सगळ्यांचे देव याच ओट्यावर गोळा झाले होते आणि आबांनी ती टोपली उल्हास नदीत सोडली होती. दर जयंतीला विहारात बबन ही हकिगत सांगायचा. आणि आता आबांच्याच भिंतीत टाक!

त्यानं तो मुठीत दाबला, रिक्षा केली आणि पुलावरून नदीत भिरकावला. मग तसाच बेलवलीला आला. घर पाडलेलं आईला सोसणार नाही, म्हणून दुरुस्तीचं निमित्त सांगून त्यानं तिला इथे भाड्याच्या खोलीत ठेवलं होतं.

चांगुणाबाई पलंगावर चहा पीत होती.

"आये, भिंतीत टाक कोणी लपवला?"

तिनं कप खाली ठेवला. घर पाडलं हे तिला तेव्हाच कळलं. तिनं फक्त हात पुढे केला. "दे इकडं."

"नदीत टाकला. आबांचं नाव घालवलंस तू."

तिचा हात तसाच राहिला.

"देव नव्हता तो. देव मीच टोपलीत भरले, या हातांनी. ती तुझी मोठी बहीण. तापानं गेली, तू व्हायच्या आधी. फोटो कुठला तेव्हा? सोनारापाशी बसून तिचा चेहरा काढून घेतला होता. लोकांच्या देवांबरोबर तीही गेली असती, म्हणून भिंतीत ठेवली. दर वर्षी लिंपताना तेवढ्या जागेवर हात फिरवायचे."

बबन धावत नदीवर गेला. पुलाखाली गुडघाभर पाण्यात उतरून चाचपत राहिला. हाताला गाळ लागला, प्लास्टिकच्या पिशव्या लागल्या. काठावर दोघं-तिघं बघत उभे राहिले. काय हरवलं, असं कोणीतरी विचारलं. त्यानं पुन्हा पाण्यात हात घातला.

ओल्या कपड्यांनी तो परत आला आणि आईच्या पायाशी बसला.

"कशी दिसायची गं ती?"

चांगुणाबाई बराच वेळ आठवत राहिली.

"आता नाही रे आठवत," ती म्हणाली. "म्हणून तर करून ठेवली होती."