शेवटचे अकरा सेकंद

राजदूतांचा फोन आला तेव्हा बर्मिंगहॅमच्या विहाराचा हॉल भरला होता आणि प्रज्ञेश प्रोजेक्टरशी झटापट करत होता. कल्याणी फोन घेऊन कोट टांगायच्या खोलीत शिरली.

“ते शेवटचं वाक्य मी वाचणार नाही,” राजदूत जिनिव्हाहून म्हणाले.

“सर, आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं. आज सकाळी एका मोठ्या देशाचा माणूस भेटला. वाक्य गाळलं तर आमच्या अण्वस्त्रबंदीच्या ठरावाला ते मत देणार आहेत. कल्याणी, चाचण्या झाल्या त्या बेटावरचा नारळ अजून खाता येत नाही. माझी आई तिथलीच. मला ते मत हवंय.”

माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर चार शब्द सुनावून ती मोकळी तरी झाली असती.

तावेरू हा त्यांचा देश, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढा. त्याच्या लंडनच्या कचेरीत कल्याणी भाषणं लिहायची. जिनिव्हात आज संयुक्त राष्ट्रांपुढे ब्रिटनच्या मानवी हक्कांची तपासणी होती आणि बोलायला प्रत्येक देशाला सत्तर सेकंद होते. मोठ्या देशांची दारं ठोठावून विहारातली माणसं दमली, तेव्हा तावेरू एक वाक्य वाचायला तयार झाला. ‘कामावर, शाळेत, दवाखान्यात कुणाचीही जात काढली जाऊ नये, म्हणून ब्रिटननं समानतेच्या कायद्यात जात हा शब्द घालावा.’ कल्याणीनं घड्याळ लावून ते अकरा सेकंदांत बसवलं होतं.

ती हॉलमध्ये परतली. आत्ताच सांगून टाकावं, असं तिनं ठरवलं. पण पहिल्या रांगेत विमलाबाई बसल्या होत्या, पांढरी साडी, वर जाड कार्डिगन. सदतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीच्या वर्षी एका पेशंटबाईनं त्यांचं आडनाव विचारलं, आणि मग त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. आजच्यासाठी त्यांनी वाक्य मराठीत पाठ केलं होतं.

“ये गं, बैस. शेवटचे अकरा आपले ना?”

“हो मावशी,” कल्याणी म्हणाली. जीभच रेटली नाही तिची.

पडद्यावर राजदूत दिसले. कोपऱ्यातलं घड्याळ सत्तरपासून उलटं धावू लागलं. तुरुंगांवर ते बोलले, निर्वासितांवर बोलले. आकडे पंधरावर आले तशी हॉलमधली कुजबुज थांबली. कुणीतरी फोन उंच धरून रेकॉर्डिंग सुरू केलं.

अकरावर राजदूत म्हणाले, “धन्यवाद.”

पण त्यांनी माइक बंद केला नाही. लाल दिवा तसाच, घड्याळ धावतंय, आणि ते खाली मान घालून बसलेले.

“साउंड गेला वाटतं!” प्रज्ञेश ओरडला. “अरे, ब्लूटूथ चेक कर कुणीतरी!” दोघं स्पीकरकडे धावले. मागून एक बाई म्हणाली, काय मेलं नशीब, नेमकं आत्ताच.

विमलाबाईंनी मात्र पडद्यावरची नजर हलवली नाही. त्यांचे ओठ हलत होते. कामावर, शाळेत, दवाखान्यात. कल्याणीला शेजारी बसून शब्द न् शब्द ऐकू आला. वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

पडद्यावर पुढचा देश आला. त्याचा आवाज खणखणीत ऐकू आला, तसे स्पीकरपाशी वाकलेले दोघं सावकाश सरळ झाले.

“वाचलं नाही त्यांनी,” विमलाबाई म्हणाल्या.

“वेळ कमी पडला असेल, मावशी,” कल्याणी म्हणाली. हे कुठून आलं तिचं तिलाच कळलं नाही.

विमलाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

“नाही गं. मी म्हणून पाहिलं ना. सगळं होऊन एक सेकंद उरला होता.”