हार कोण घालणार

अमेरिकेतला एक राज्यपाल पाडायचा, यावर मंडळाचं एकमत झालं.

वार्षिक सभा अजून सुरू झाली नव्हती. गणसंख्या भरली नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब होती. अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून कायदेशीर ठरणार होती. तोवर खायला बटाट्याचा ओलसर लीला चिवडा होता, आणि सुभानरावांचा मुलगा तिकडे ज्या राज्यात राहतो तिथली निवडणूक होती. तिथे राज्यपाल वरून नेमत नाहीत, लोक निवडून देतात, हे कळल्यावर वाडीतल्या त्या हॉलमध्ये सगळ्यांना एकदम जबाबदारीची जाणीव झाली. त्या उमेदवाराने म्हणे पूर्वी एका वसतिगृहाचा प्रमुख असताना तिथल्या मुलांवरच्या अत्याचाराचं प्रकरण दाबलं होतं.

"संस्थेच्या प्रमुखाला माहीत नव्हतं, हे मी मानत नाही," तात्यासाहेब म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष, वर्षानुवर्षं बिनविरोध. "असल्या माणसाला मत म्हणजे पाप. सुभानराव, मुलाला कळवा."

"त्याला तिकडे मत नाही. ग्रीन कार्ड आहे नुसतं."

"तरी कळवा. माझं नाव सांगा."

नयना शेवटच्या रांगेत बसली होती. तिने चिवडा घेतला नव्हता. मंडळ मुलींना दोरीचा मलखांब शिकवतं, आणि तिची सानवी त्या वर्गात होती. दिवाळीनंतर एकदा सानवीने आईला दिग्विजय सरांबद्दल एक वाक्य सांगितलं आणि परत दोरीला हात लावला नाही. नयनाने मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने चौकशी समिती नेमली. समितीत तात्यासाहेब होते आणि तात्यासाहेबांनी सुचवलेले दोघे. समितीने सरांना विचारलं. सर नाही म्हणाले. समितीने सरांचं स्पष्टवक्तेपणाबद्दल कौतुक केलं. सानवीला काही विचारलं नाही; लहान मुलांना असले प्रश्न विचारणं समितीला प्रशस्त वाटेना.

नयना पोलिसांत जायला निघाली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तिला मुलीच्या लग्नाची आठवण करून दिली. सानवी सहावीत होती. सर अजून रोज सकाळी वर्ग घेत होते.

म्हणून ती सभेला आली होती. अध्यक्ष झालं तर सरांना काढता येईल आणि मंडळाच्याच नावाने पोलिसांत जाता येईल, एवढा साधा हिशेब होता.

सभा कायदेशीर झाली. कार्यवाह फत्तेसिंहरावांनी अध्यक्षपदासाठी तात्यासाहेबांचं नाव मांडलं. "आणखी कोणी?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणि नेहमीसारखे टाळ्यांसाठी हात वर घेतले.

"मी," नयना म्हणाली.

हात तसेच राहिले. शेजारून तिचा नवरा सुभाष उठला आणि जमिनीकडे बघत सूचक झाला. पण अनुमोदक घराबाहेरचा लागतो. हॉल पंख्याकडे बघू लागला. सुभानराव चिवड्यातले बेदाणे वेचू लागले.

"नयनाबेन, बसा ना," फत्तेसिंहराव म्हणाले. "माणसाने थोडी जाण ठेवावी. सानवीला वर्गात घेतलं कोणी? दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला गेलात, तेव्हा तात्यासाहेब स्वतःहून म्हणाले, एक जागा आहे, मुलीला पाठवा. लोक वर्ष वर्ष थांबतात."

"राहू द्या हो," तात्यासाहेब म्हणाले. "केलेलं बोलून दाखवू नये."

"मला एकच अनुमोदक हवाय," नयना म्हणाली. "सरांना काढलं की मी राजीनामा देते. मंडळ तुमचंच."

कोणी हात वर केला नाही. तात्यासाहेब बिनविरोध निवडून आले. टाळ्या पडल्या. सुभाषनेही सवयीने दोन वाजवल्या आणि मग हात मांडीखाली घेतले.

मंडळाचा रिवाज असा, की नव्या अध्यक्षाला हार घालायचा तो मलखांबाच्या वर्गातल्या मुलीने, आणि ती सभासदाच्या घरातली हवी. फत्तेसिंहरावांनी पिशवीतून हार काढला. "चला, कोणाची मुलगी?"

कोणाचीच उठली नाही.

"सुभानराव, नात कुठाय?"

"तिला सर्दी आहे."

"वर्गाला येते ना पण?"

"नाही. जुनी सर्दी आहे."

एकीचं गणित कच्चं निघालं. एकीचे गुडघे. एकीला उंचीची भीती वाटू लागली होती. ती अकोट्याला अकराव्या मजल्यावर राहत होती. फत्तेसिंहरावांनी स्वतःच्या मुलीचा विषय काढला नाही, आणि तो दुसऱ्या कोणी काढू नये म्हणून ते भराभर पुढे सरकले. तसा वर्ग भरलेला होता. पण त्या मुली मकरपुऱ्याहून रिक्षात भरून येत. त्यांचे आईबाप कारखान्यांत नवीन लागलेले, सभासद नव्हते, आणि त्यांना यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं.

"मग मोहनाला बोलवा," फत्तेसिंहराव म्हणाले. "अध्यक्षांचीच नात. त्याहून चांगलं काय?"

सगळ्यांनी वळून रसिकाकडे पाहिलं. रसिका तात्यासाहेबांची सून, दुसऱ्या रांगेत होती. ती उठली.

"मोहना येत नाही आता."

"परीक्षा आहे तिची," तात्यासाहेब म्हणाले. "बस, रसिका."

"कधीपासून येत नाही?" नयनाने विचारलं.

"रसिका, बस म्हणतोय."

रसिका बसली नाही. ती सासऱ्यांकडे बघतच नव्हती, नयनाकडे बघत होती.

"गणपतीपासून," ती म्हणाली. "मोहनाने घरी सांगितलं, तेव्हा तिचे आजोबाच म्हणाले, तिला काढून घे. जागा रिकामी दिसली तर लोक विचारतील, ती मी भरतो."