उद्याबाई

"उद्या..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली. समोरच्या माइकचा लाल दिवा डोळे वटारून बघत होता.

पाणीखात्याच्या या खिडकीवर तिची उमेदीची वर्षं गेली होती. लोकांनी तिचं नावच ठेवलं होतं उद्याबाई. घरी दुसरा चहा मागायच्या आधी नवराच म्हणायचा, "कळलं, उद्या या." मग नवे साहेब आले. तरुण, तळमळीचे. त्यांनी खिडकीवर बोलणं रेकॉर्ड करणारा माइक बसवला आणि बजावलं, "होणार असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही. 'उद्या या' बंद." दोन ताकिदी तिला मिळूनही झाल्या होत्या. तिसरीला थेट शहराबाहेरच्या पंपहाउसवर बदली. दोन बस बदलून जायचं, तेही रात्रपाळीला. आणि गुडघे तर आत्ताच कुरकुरत होते.

साहेबांचं चूक नव्हतं. कामं खरंच पटापट होऊ लागली होती. फक्त दिवसभर 'नाही, नाही' म्हणून संध्याकाळी तिचा जीव आंबून जायचा.

आता खिडकीशी काका उभे होते. रोजचे गिऱ्हाईक. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात डब्याची पिशवी.

"काय ताई, आमच्या गल्लीतल्या नळाचं काय झालं?"

आज तिने पहिल्यांदाच नकाशा उघडून पाहिला होता. "काका, नळ येणार नाही. कधीच नाही. तुमची गल्लीच नव्या रस्त्यात गेलीय."

"माहितीये हो. माझ्या डोळ्यांसमोरच पाडली." काका अगदी सहज म्हणाले. "मी आता लेकाकडे असतो, पाचव्या मजल्यावर. तिथे नळाला धो धो पाणी आहे."

"मग रोज इथे?"

काकांनी कॉलर नीट केली. "सकाळी सगळे आपापल्या कामाला निघतात. मीही निघतो. सूनबाई डबा भरून देते." ते जरा घुटमळले. "मग आता उद्यापासून कुठे जाऊ?"

"आजोबा, आटपा की," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

तिने एकदा गुडघ्यावरून हात फिरवला. मग पुढे वाकली आणि तोंड अगदी माइकजवळ नेलं.

"उद्या या, काका. पण अकरानंतर. सकाळी फार गर्दी असते."