तेवीस नंबर

बँकॉकच्या स्पर्धेला जाणाऱ्यांची यादी हेरंबनं मोबाइलवरून वाचली. अठरा नावं. समाधानचं नव्हतं.

मॅच नुकतीच संपली होती. गुरगावच्या मैदानावर दिल्लीतल्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या, त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळणाऱ्या या क्लबनं कोलकात्याला हरवलं होतं, आणि शेवटचे दोन गोल समाधानचे होते. अंड्याच्या आकाराचा तो लाल चेंडू अजून त्याच्या काखेत होता. पासपोर्ट मागच्याच आठवड्यात हातात आला होता.

"दादा, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही रे. रेकॉर्डवर दोन मॅचेस लागतात. तुझी आज पहिली."

हेरंब क्लबचा सेक्रेटरी. मूळ पुण्याचा, इथं कंपनीत मोठा साहेब. दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत यूपीएससी घोकणाऱ्या वाशिमच्या समाधानला क्लबात त्यानंच आणलं होतं.

"आणि जानेवारीतली?"

"ती तेवीस नंबर खेळला. तेवीस नंबर माझा."

जानेवारीत हेरंब मेहुणीच्या लग्नाला गेला होता. माणूस कमी पडला म्हणून समाधाननं त्याची बिनबाह्यांची जर्सी घातली. चार गोल मारले. कागदावर फक्त नंबरापुढं खूण करतात, नाव आधीच छापलेलं असतं. त्या दिवशीचं उत्कृष्ट खेळाडूचं मेडल हेरंबच्या हॉलमध्ये आहे. बायकोनं फ्रेम करून घेतलंय.

"तुम्ही कप्तानाला सांगा ना. एक शब्द."

"यार, मग माझी एक मॅच कमी होते. मीच बाहेर." हेरंब जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "तसंही तिकडं यूपीएससीत तुमच्या सीटा सरकारनं राखून ठेवल्यात. ही एक सोड की."

समाधाननं चेंडू खाली ठेवला.

"राखीव सीट तर तुझी झाली रे. खेळलो मी, चाललास तू."

तो थेट ब्रेटकडं गेला. कप्तान ब्रेट मार्चमध्ये दिल्लीत आलेला, आधीचा कप्तान आणि तेव्हाचे बहुतेक खेळाडू बदली होऊन गेलेले. जानेवारी त्याला कागदापुरतीच माहीत. समाधाननं इंग्रजीत, चार सरळ वाक्यांत सगळं सांगितलं. ब्रेटनं हेरंबकडं पाहिलं.

"होता ना त्या दिवशी," हेरंब इंग्रजीत, हसून म्हणाला. "बाहेर. पाणी द्यायला."

ब्रेटला हायसं वाटलं. त्यानं समाधानच्या खांद्यावर हात टाकला. "मेट, आजची तर तुझीच आहे. चल, मध्ये ये."

जिंकल्यावर क्लब रिंगण करून गाणं म्हणतो. ज्याची पहिली मॅच, तो मध्ये उभा राहतो आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. प्रेमानं ओततात. पाणी पडलं की पहिली मॅच पक्की. त्याआधी काही नव्हतंच.

रिंगण झालं. समाधान मध्ये. गाणं सुरू झालं. ब्रेटनं बाटली वर उचलली, तशी समाधाननं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि तोंडाला लावली. सावकाश प्यायला. गाणं संपलं, तो पीतच होता. टाळ्या थांबल्या.

शेवटचा घोट गिळून त्यानं रिकामी बाटली हेरंबच्या छातीला लावली.

"भरून आण," तो म्हणाला.