दिगूचा गाल

“वहिनी, सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही,” सदाभाऊंनी सुरुवात केली. “देवमाशाने दिगूच्या बोटीची अँटेना गिळलीय. स्पर्श तेवढा पोचतो, आवाज माशाच्या पोटात अडकतो. आता तो मासा दिगूच्या आवाजात ढेकर देतो म्हणे.”

द्वारकाबाई हसल्या. दृष्टी गेल्यापासून खलाशी मुलगा दिगू त्यांना फोनच्या या स्पर्श पोचवणाऱ्या काचेवरच भेटायचा. बोटांखाली गाल उबदार लागायचा, भुवयांचे केस टोचायचे. बोट बुडाल्याची बातमी दिराने त्यांच्यापर्यंत येऊ दिली नव्हती. दिगूच्या शेवटच्या फोनमधला साठवलेला स्पर्शच सदाभाऊ रोज लावत होते.

आजही त्यांनी काच पुढे धरली. द्वारकाबाईंनी दिगूचे गाल कुरवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

“ऐन श्रावणात दाढी केली याने?”

“करावीच लागते. तिथल्या वाऱ्यात दाढी शिडासारखी फुगते. मागे एक खलाशी तसाच उडून गेला. तेव्हापासून रोज वस्तरा.”

“रोज?” द्वारकाबाईंचं बोट हनुवटीवर थांबलं. “इथे कापलंय. आषाढातही इथेच कापलेलं होतं. अजून खपली कशी धरत नाही?”

सदाभाऊ काच ओढून घेऊ लागले. द्वारकाबाईंनी ती सोडली नाही.

“खोटं बोलताय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “हा गाल जुना आहे. माझा मुलगा कधी गेला?”