माईकची वायर
ऑटिस्टिक तरुणांच्या जोड्या जुळवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू होतं. घड्याळं दुरुस्त करणारी मुलगी समोरच्या उमेदवाराला म्हणाली, “तुम्ही चाळीस मिनिटं स्वतःबद्दलच बोललात. आपण पुन्हा नको भेटायला.” “कट! ताई, नकार त्याने द्यायचा,” दिग्दर्शक प्रेमाने म्हणाला. “तुम्ही बिचारा चेहरा करायचा.” “पण नकार मी दिलाय.” “प्रेक्षकांना पटायचं नाही हो.” तिने कॉलरचा माईक काढला, मान खाली घालून वायर नीट गुंडाळली आणि ती घरी गेली. कॅमेरा चालूच होता. रविवारी टीव्हीवर ते गुंडाळणं संथ गतीत दाखवलं. मागे रडका पियानो, खाली अक्षरं: ‘पुन्हा एक नकार’. मावशीचा फोन आला. “रडू नकोस गं, मिळेल कुणीतरी.” “मावशी, मी वायर गुंडाळत होते.” “कळतं गं मला,” मावशी हुंदक्यातून म्हणाली. तिच्याकडच्या टीव्हीवर पियानो अजून वाजत होता.