बिनपत्तीची क्लॅरोनेट

कापसाचा भाव पडला तेव्हापासून दारव्ह्यातल्या लग्नांना पुरा बँड परवडेना. म्हणून बँडवाल्या शाहिदनं ढोल-ताशे विकले आणि एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. त्याला सा की रे कळत नव्हतं, पण बटण दाबलं की त्या डब्यातून ढोल, बाजा, क्लॅरोनेट सगळं आपोआप निघायचं. आयुष्यभर त्याच बँडात क्लॅरोनेट वाजवलेल्या जफरचाचांना तो आवाज ऐकवत नसे.

"चाचा, तुमी वर्दी घालून नुसते उभे राहा," शाहिद म्हणाला. "वऱ्हाडाले माणूस दिसला पाह्यजे. फुकू मात्र नका, मशीनसंगं सूर जुयत नाही तुमचा."

घरात चूल पेटायला हवी होती, म्हणून चाचा उभे राहिले. चुकून आवाज निघू नये म्हणून त्यांनी क्लॅरोनेटची पत्तीच काढून खिशात टाकली. वरातभर गाल फुगवत, बोटं नाचवत राहिले, आणि स्वतःचीच किळस येत राहिली. त्यात समोर नरहरराव दिसले, गावातले गाण्याचे जुने दर्दी. डोळे मिटून ऐकत होते. आता हे पकडणार, म्हणून चाचांनी गाल आणखी फुगवले. पकडावंच यांनी, असंही आतून वाटलं.

वरात मांडवाशी थांबली तसे नरहरराव गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी चाचांचे दोन्ही हात हातात घेतले.



"वा जफरभाई. माझ्या लग्नातही तुम्हीच वाजवलं होतं, पण आजच्याइतकं सुरात तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं."